निबंध वाचून झाल्यावर

मराठीत प्रस्तावनेनं पुस्तकाला झाकून टाकल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे काही खंड लोक आतल्या पत्रांपेक्षा प्रस्तावनेसाठीच उघडतात, आणि केतकरांनी तर ज्ञानकोशाला प्रस्तावना म्हणून पाच अख्खे खंड घातले. हे दोन आदर्श डोळ्यांपुढे असल्यामुळेच बहुधा आमच्या संपादक मंडळानं मला 'सात-आठ पानं, जास्त नको' अशी आधीच ताकीद देऊन ठेवली आहे. तेव्हा नमनाचं तेल इथंच संपवतो.

हे पुस्तक आमच्या साहित्यसंस्थेत झालेल्या निबंधवाचनांचं आहे. संस्था एका जिल्ह्याच्या गावातली, मोठी म्हणावी अशी नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला एक जण निबंध वाचतो, पाऊण तास. मग चहा. मग चर्चा. चहा मध्येच का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. पूर्वी चहा शेवटी असायचा. तेव्हा लोक चर्चा भराभर उरकून चहाकडे वळत. मग तो सुरुवातीला ठेवून पाहिला, तर अर्धी मंडळी चहा पिऊन निबंधाआधीच पसार. शेवटी एका जुन्या चिटणिसांनी तो मध्यावर आणला. गरम कप हातात असलेला माणूस उठून जात नाही, आणि कप रिकामा होईपर्यंत कोणीतरी पहिला प्रश्न विचारलेला असतो. आमच्या संस्थेनं वाङ्मयव्यवहारात काही मौलिक भर घातली असेल, तर ती एवढीच.

पुस्तकात चौदा निबंध आहेत. प्रत्येक निबंधापाठोपाठ त्या दिवशीची चर्चा छापली आहे, जशी वहीत नोंदली गेली तशी. ही चर्चा गाळावी, पानं वाचतील, असं आम्हाला एकाहून अधिक जाणत्यांनी सुचवलं. आम्ही ऐकलं नाही. माझं स्पष्ट मत सांगतो : चौदांतले चार-पाच निबंध आज शिळे झाले आहेत, दोन तर तेव्हाही शिळेच होते. चर्चा मात्र एकही शिळी नाही.

त्या वह्यांविषयी थोडं सांगायला हवं. लांबट, लाल कापडी बांधणीच्या, वाण्याच्या खतावणीसारख्या. डावीकडे तारीख, वक्ता, विषय, उपस्थिती आणि चहाचा खर्च. उजवीकडे चर्चा. पहिल्या वहीचे चिटणीस महसूल खात्यातून निवृत्त झालेले होते. वाद रंगला, हात पुरेनासा झाला, की ते बालबोधीतून सरळ मोडीत उतरत. त्यामुळे चर्चेतला सर्वांत गरमागरम भाग नेमका मोडीत सापडतो आणि 'अध्यक्षांनी समारोप केला, आभार मानले' हे तेवढं स्वच्छ देवनागरीत. मोडी वाचणारा मिळेपर्यंत हे पुस्तक दोन वर्षं अडून राहिलं.

आता या वह्यांतली एक संध्याकाळ.

निबंध होता जात्यावरच्या ओव्यांवर. वक्ते महाविद्यालयात शिकवणारे, अभ्यासू, पाठांतर पक्कं. पहाटे एकटीनं दळणाऱ्या बाईचं एकाकीपण ओवीच्या रचनेतच कसं उतरलं आहे, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी एका विशिष्ट ओवीवर सगळा डोलारा उभा केला होता. तिची ओळ मध्येच कशी तुटते, ते तुटणं म्हणजे बाईचा अडकलेला श्वास कसा आहे, हे त्यांनी फार सुरेख मांडलं. मीही त्या दिवशी हजर होतो आणि मान डोलावत होतो. चहा झाला. ग्रंथालयातल्या शिपायाची आई मुलाला बरोबर घेऊन गावी जायला म्हणून आली होती आणि तो मोकळा होईपर्यंत मागच्या बाकावर टेकली होती. ती उभी राहिली. म्हणाली, "सर, ही दळणाची न्हाई. ही घाण्याला म्हणत्यात."

लग्नाआधी घाणा भरतात. जात्याला, मुसळाला हळदीकुंकू लावायचं, सवाष्णींनी हळद दळायची, गाणी म्हणायची. सरांनी विचारलं, "पण मावशी, म्हटली कुठंही तरी ओवी तीच ना? फरक काय पडतो?" ती म्हणाली, "दळणाला बाई एकटी असती, न्हाईतर दोघी. घाण्याला पाचजणी बसत्यात. एकीनं ओळ सोडायची न् दुसरीनं उचलायची. तुमी म्हनता तितं ती तुटत न्हाई, तितं दुसरी सुरू व्हती."

अडकलेला श्वास होता कुठला? तिथं दुसऱ्या बाईचा आवाज होता. जो निबंध एकाकीपणावर उभा होता, त्याचा पुरावाच पाचजणींच्या गोतावळ्यातून आलेला निघाला. सर दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्याच निबंधाच्या समासात लिहू लागले. त्यांनी पुढं वर्षभर खपून सगळं नव्यानं मांडलं आणि ते दुसरीकडे छापलं. या पुस्तकासाठी मात्र त्यांनी आग्रहानं पहिला, चुकलेला निबंधच दिला आहे. "दुरुस्ती चर्चेत आहेच," असं त्यांचं म्हणणं. विद्वत्तेचा मला ठाऊक असलेला हा सर्वांत चांगला नमुना.

वहीत त्या बाईची नोंद कशी आहे? 'श्रोत्यांपैकी एक बाई.' वक्त्याच्या नावामागं 'प्रा. डॉ.' आहे, अध्यक्षांच्या नावामागं तीन पदव्या आहेत, चहा अठरा रुपयांचा झाला याचीही नोंद आहे. नाव नाही ते तिचंच. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव नोंदवण्याचा दंडक ठेवला. तो दंडक किती मोलाचा होता, हे मला आमच्या वहीतल्या त्या तीन शब्दांनी शिकवलं. आम्ही तिच्या मुलाला विचारून नाव मिळवलं आणि पुस्तकात योग्य जागी घातलं आहे. ते बघायला ती राहिली नाही.

खोलीत कोण बसलं आहे आणि बोलायची मुभा कोणाला आहे, हा प्रश्न आपल्या साहित्यसंस्थांच्या जन्मापासूनचा. 1878च्या मे महिन्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. लोकहितवादी आणि रानडे यांच्या पुढाकारानं भरलेली ही सभा आजच्या अखिल भारतीय संमेलनाची गंगोत्री मानतात. 1885 साली दुसरी भरली. तिचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारलं. ज्या सभेच्या चालकांना शूद्रातिशूद्रांच्या स्थितीचा विचारच करायचा नाही, त्यांच्या पंगतीला बसून काय करायचं, असा त्या पत्राचा मथितार्थ. पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. साहित्यसंस्थांच्या इतिहासात आपण अध्यक्षांच्या याद्या पाठ करतो. माझ्या मते त्या इतिहासातला पहिला खरा आक्षेप हा, आणि तो सभागृहाबाहेर उभं राहून घेतलेला.

त्याच 1885 साली फुल्यांनी 'सत्सार'मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882चं. त्यावर टीकेची झोड उठली आणि मग पुस्तक असं विस्मरणात गेलं, की वाङ्मयाच्या इतिहासकारांना त्याचा पत्ताच नव्हता. स. गं. मालशे यांनी ते शोधून 1975 साली पुन्हा छापलं. आज मराठीच्या अभ्यासक्रमात, परदेशी विद्यापीठांच्या अभ्यासात ताराबाई आहेत, त्या एका संशोधकानं जुन्या कागदांवरची धूळ झटकली म्हणून. मालशे मराठी संशोधन मंडळाच्या परंपरेतले. ते मंडळ मुंबईत 1948 साली सुरू झालं, अ. का. प्रियोळकर त्याचे पहिले संचालक. तरुण अभ्यासक मला विचारतात, संस्थेत येऊन आम्हाला काय मिळेल? तेव्हा मी त्यांना हे उदाहरण देतो. संस्थेत कपाट मिळतं. कपाटात काय आहे हे सांगणारा एखादा म्हातारा मिळतो. बाकीचं ज्याचं त्यानं करायचं.

मधला इतिहास मी भरभर ओलांडतो, तो इतरत्र भरपूर लिहिलेला आहे. 1906च्या पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषद निघाली. 1923च्या संक्रांतीला विदर्भ साहित्य संघ, 1935 साली गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ, आणि 1943 साली, निजामाचं राज्य असताना, मराठवाडा साहित्य परिषद. 1961 साली या चौघींचं महामंडळ झालं. प्रत्येकीचं मुखपत्र, शाखा, पुरस्कार, आणि अर्थात निवडणूक. निवडणुकीच्या वर्षी आजीव सभासद एकाएकी जिवंत होतात, टपालानं आलेल्या मतपत्रिकांची चर्चा पानाच्या ठेल्यापर्यंत पोचते. मग पुढली पाच वर्षं शनिवारच्या निबंधाला डोकी मोजून एकोणीस.

पण एक उपक्रम रेंगाळून बघण्यासारखा आहे. 1910 साली राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. मंडळानं पाक्षिक सभांची चाल पाडली. पंधरवड्याला जमायचं, कोणाला एखादं अस्सल पत्र, शिक्का, महजर, एखादी तिथी सापडली असेल त्यानं ते टिपण वाचायचं, इतरांनी तपासायचं. टिपण दीड पानाचंही चाले. सिद्धांत मांडायची सक्ती नव्हती. साधन पुढं ठेवा, बाकीचं आम्ही बघतो, असा खाक्या. इतिहासाच्या अभ्यासाला महाराष्ट्रात जी शिस्त आली, तिचं बरंच श्रेय मी या छोट्या टिपणांना देतो. साहित्याच्या अभ्यासकांनी ही चाल उचलली असती तर आपण मतं कमी आणि साधनं जास्त गोळा केली असती.

ज्यांना जुन्या सभागृहांत जागा नव्हती, त्यांनी आपापली सभागृहं उभी केली. 2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. पुढं औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. त्याचे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी होत. त्या मेळाव्यांना गेलेली माणसं अजून सांगतात : व्यासपीठापेक्षा समोरची गर्दी जास्त बोलायची. लेखकाला 'तुम्ही हे लिहिलंत ते खोटं आहे, आमच्या वस्तीत असं होत नाही' असं तोंडावर ऐकवणारा वाचक तिथं असायचा. लेखक आणि वाचक या दोन शब्दांमध्ये छोटी रेघ आहे ना, तिचं सगळं महत्त्व तिथं होतं.

आणि आता आपल्याकडच्या चर्चासत्रांबद्दल बोलायला हवं, कारण त्यात मीही सामील आहे.

2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची मोजणी आणली. निबंध वाचला की इतके गुण, 'राष्ट्रीय' असेल तर जास्त, 'आंतरराष्ट्रीय' असेल तर त्याहून. झालं! तालुक्या-तालुक्याला राष्ट्रीय चर्चासत्रं सुरू झाली. नेपाळहून एक पाहुणा आला की आंतरराष्ट्रीय. अशाच एका चर्चासत्रात, महाविद्यालयाचं नाव घेत नाही, जेवणानंतरच्या सत्राचा मी अध्यक्ष होतो. हातात दिलेल्या यादीत तेवीस निबंध आणि वेळ एक तास. टेबलावर शाळेतली पितळी घंटा ठेवलेली. संयोजक कानाशी येऊन म्हणाले, "सर, शीर्षक आणि निष्कर्ष तेवढं वाचू द्या." तेवीस जणांनी शीर्षक आणि निष्कर्ष वाचले. मी तेवीस वेळा घंटा वाजवली. चर्चा 'वेळेअभावी' रद्द केली, ती मीच. बाहेर व्हरांड्यात प्रमाणपत्रांची रांग लागली होती. प्रतिसादाचा फॉर्म भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, म्हणून लोक एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून 'चर्चासत्र अत्यंत उपयुक्त' असं लिहीत होते. मला शाल, श्रीफळ आणि प्रवासखर्च मिळाला. नारळ घरी फोडला तर नासका निघाला. यात कोणाला काही संकेत दिसला तर त्याची जबाबदारी माझी नाही.

नंतर नियम बदलले. मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, त्या यादीत नाव यावं म्हणून मराठी त्रैमासिकांची धावपळ झाली, आणि मग ती यादीही गुंडाळली गेली. नियम येतील, जातील. माझी तक्रार नियमांपुरती नाही. निबंध वाचणाऱ्याला पाच मिनिटं मिळाली तर ते चालवून घेता येईल. प्रश्न विचारणाऱ्याला एकही मिनिट मिळत नाही, हे चालवून घेता येत नाही. ज्याला कोणी विचारलं नाही, त्याला आपला निबंध बरा होता की वाईट हे कळायचं कसं? प्रमाणपत्रावर ते लिहिलेलं नसतं.

आमच्या सूचनाफलकावर 'संधी' असं मथळा लिहिलेला एक कोपरा आहे. तिथं राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाची माहिती लागते, साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराची लागते, कुठल्या विद्यापीठाच्या परिषदेचं निबंधांसाठीचं आवाहन लागतं. हे सगळं उपयोगाचंच आहे, पहिलं पुस्तक काढणाऱ्या पोराला अनुदानाचे पैसे किती मोठे वाटतात हे मी पाहिलं आहे. पण एका बाबतीत मी सावध करीन. पुरस्कार हे झालेल्या कामाचं फळ. त्यानं पुढचं काम सुचत नाही. काम सुचतं ते दुसऱ्याच्या कामात डोकं घालताना. टोरांटोत 1984 साली महाराष्ट्राच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पुढं ती वेगवेगळ्या देशांत भरत राहिली. एलिनॉर झेलियट, गुंथर सोन्थायमर, अ‍ॅन फेल्डहाउस अशा मंडळींचा तिथं राबता. फेल्डहाउसबाईंनी शं. गो. तुळपुळ्यांबरोबर जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला, तो 1999 साली निघाला. एक पुण्याचे जुन्या वळणाचे पंडित, एक अमेरिकेतली विदुषी. एका शब्दाच्या अर्थावर दोघांनी किती पत्रं लिहिली असतील याचा मी नुसता विचार करतो. ही संधी कुठल्या सूचनाफलकावर लागली असती?

आमच्या स्वतःच्या उणिवा झाकायचं कारण नाही. पहिल्या दोन वह्यांत मिळून वक्ता म्हणून एकही बाई नाही. तिसऱ्या वहीत तीन आहेत, त्यांतल्या दोघी 'महिला दिनानिमित्त'. मोठ्या संस्थांचंही फार निराळं नव्हतं. 1878च्या पहिल्या सभेनंतर स्त्री अध्यक्ष यायला 1961 उजाडलं, ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. 2025 साली दिल्लीच्या 98व्या संमेलनात ताराबाई भवाळकर अध्यक्ष झाल्या तेव्हा त्या सहाव्या. त्यांची निवड जाहीर झाली त्या दिवशी मला घाण्याच्या ओवीची ती संध्याकाळ आठवली. बायकांच्या ओव्या, उखाणे, विधी यांच्या अभ्यासात जन्म घालवलेल्या विदुषीला तो मान मिळाला होता, तोही मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतरच्या पहिल्याच संमेलनात.

संपादनाविषयी दोन शब्द. चर्चेतली बोलीभाषा आम्ही प्रमाण केलेली नाही. अपशब्द दोन ठिकाणी गाळले आहेत, दोन्ही ठिकाणी ते निवृत्त मुख्याध्यापकांचे होते. निबंधकारांपैकी सहा जण आज नाहीत, त्यांच्या घरच्यांनी आनंदानं परवानगी दिली. एका निबंधकाराच्या चिरंजिवांनी वडिलांवर झालेली टीका गाळा असा आग्रह धरला होता. मी त्यांना त्या दिवशीचं वहीचं पान दाखवलं. टीका संपल्यावर वडिलांचं उत्तर एका ओळीचं होतं : 'आक्षेप मान्य, पुढच्या शनिवारी सुधारून वाचतो.' चिरंजीव काही बोलले नाहीत, त्या पानाचा फोटो तेवढा काढून घेऊन गेले.

आता पुस्तक वाचकांच्या हाती आहे आणि एक काम त्यांच्यावर सोपवायचं आहे. अकरावा निबंध श्रीधराच्या 'पांडवप्रतापा'च्या एका हस्तलिखित पोथीवरचा आहे. पोथी आमच्याच जिल्ह्यातल्या एका घरच्या माळ्यावर सापडली. शेवटच्या पानावरच्या पुष्पिकेत लेखनिकानं आपल्या गावाचं नाव दिलं आहे : पिंपळगाव. पुढचा शब्द कसरीनं खाल्ला आहे. महाराष्ट्रात पिंपळगावं पैशाला पासरी. बसवंत आहे, हरेश्वर आहे, नुसतीही कितीतरी आहेत. लेखनिकानं एवढंच आणखी लिहिलं आहे, की दोन ओढे मिळतात तिथल्या महादेवाच्या देवळात बसून पोथी पुरी केली. त्या शनिवारी चर्चा पावणेनऊपर्यंत चालली आणि चिटणिसांनी शेवटी मोडीत लिहून ठेवलं, 'गाव ठरले नाही.' आपलं गाव पिंपळगाव असेल आणि तिथं दोन ओढ्यांच्या संगमावर महादेवाचं जुनं देऊळ असेल, तर संस्थेच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. वहीत त्या नोंदीखाली आम्ही अजून अर्धं पान कोरं ठेवलं आहे.